पुणेरी पगडी, फुले पगडी आणि शिवलेला फेटा

नारायणपेठ : पुणेरी पगडी पेशवाईपासून चालत आली असून तीच महाराष्ट्राची ओळख आहे. २००९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशन (जीआय मानांकन) मिळाले. २०१८ मध्ये पुण्यातील सभेत शरद पवार यांनी तिच्याऐवजी महात्मा फुले यांच्या नावाची फुले पगडी वापरण्यास सांगितले, ते निव्वळ राजकारण होते.

पंचगंगा : हे वाचून गप्प बसवले नाही. समारंभांत दिसणाऱ्या या पगडीचे श्रेय न्यायमूर्ती रानडे यांना दिले जाते आणि पेशवाई तर १८१८ मध्येच बुडाली होती. भौगोलिक निर्देशन वस्तूच्या नावाला संरक्षण देते, इतिहासाचा निवाडा करत नाही. शिंदेशाही, होळकरी असे पगड्यांचे कितीतरी घाट होते, पगडीवरून जात ओळखली जाई आणि जोतीराव फुल्यांच्या डोक्यावर तर हाताने गुंडाळायचे पागोटे होते. मग एकच घाट सर्वांची ओळख कसा ठरतो?

नारायणपेठ : रानडे सुधारक होते आणि टिळक त्यांचे कडवे विरोधक, तरीही दोघांच्या डोक्यावर पगडीच होती. तिला एका जातीचा अहंकार ठरवणे हा अन्याय आहे.

माणदेशी : तुमच्या भांडणात रोज डोक्याला गुंडाळायचे कापड बाजूलाच राहिले. माझे आजोबा पटक्याचे एक टोक दातांत धरून पीळ देत, शेमला म्हणजे मोकळे टोक पाठीवर सोडत आणि रानात त्याच कापडाने घाम पुसत, त्यातच भाकरी बांधून नेत. आता लग्नात शिवलेले फेटे भाड्याने आणतात आणि वऱ्हाडी ते टोपीसारखे चढवतात. माझ्या भाच्याच्या लग्नात फेटा बांधता येणारे तिघे जण मांडवात बसून होते, पण त्यांना कोणी विचारलेदेखील नाही, याचा मला आजही संताप येतो.

नारायणपेठ : दोनशे पाहुण्यांना फेटे बांधायला वेळ कोणाजवळ आहे? पगडीदेखील कारागीरच बांधून देत असे, ती रोज घरी बांधत नसत.

माणदेशी : म्हणूनच पगडी आणि फेटा एका मापाने मोजू नका! तयार पगडी घालण्यात तिची रीत मोडत नाही. फेट्यात मात्र बांधणे हीच रीत आहे. ज्यांनी तो कधी बांधला नाही, त्यांनी वेळेची सबब सांगू नये.

पंचगंगा : मुद्दा पटतो. मात्र तोच निकष लावायचा, तर साच्यावर तयार होणाऱ्या फुले पगडीलाही पागोटे म्हणता येणार नाही, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते.

नारायणपेठ : रानड्यांच्या काळाविषयीचे तुमचे म्हणणे मीही मान्य करतो. पेशवाईचा दावा मागे घेतो, पगडीचा मान नव्हे.