पुरुषांचे ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम : माहीतगारांनी लिहावं

माकडहाड
कपाट आवरताना फिजिओथेरपी शिकतानाचा एक जुना तक्ता हाती आला आणि ते वर्ग आठवले. तक्त्यावर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, चित्र बाईचं, खाली मोठ्या अक्षरात ‘बाळंतपणानंतर’. पुरुष कुठंच नाही. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले ते बायकांसाठीच, हे खरं. पण तेच स्नायू गड्यांनाही असतात आणि प्रोस्टेटचं (मूत्राशयाखालच्या ग्रंथीचं) ऑपरेशन, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ यात तेच गोत्यात येतात.

मराठवाड्यातले फिजिओ, सिस्टर, योगशिक्षक इथं बरेच आहेत म्हणून हा धागा. आपबिती नको, पेशंटच्या कहाण्या नकोत. कसं करायचं आणि कुठं चुकतं, तेवढं लिहा.

सुरुवात मी करतो. पुढं लिंगाच्या वरचं हाड, मागं माकडहाड, यांच्यामध्ये ताणलेली स्नायूंची झोळी. मूत्राशय, गुदाशय तिच्यावर टेकलेले. मूत्रनळी आणि गुदमार्ग तिच्यातून बाहेर येतात, झोळी आवळली की दोन्ही बंद होतात. पुढच्या अंगाला आणखी दोन छोटे स्नायू आहेत. एक मूत्रनळीभोवती, लघवीचे शेवटचे थेंब आणि वीर्य बाहेर ढकलणारा. दुसरा लिंगाच्या मुळाशी, ताठरता टिकवणारा.

उताणं झोपा, गुडघे दुमडा, तळपाय टेकवा. पोट, मांड्या, कुल्ले सैल. आता लिंग आत ओढून आखूड करायचंय असं समजून आवळा. ३ सेकंद धरा, सोडा, तेवढाच वेळ थांबा. जमेल तसं १० सेकंदांवर न्या, विश्रांतीही १० सेकंद. असे ८ ते १२, मग १० झटपट आवळ-सोड. दिवसातून तीनदा. आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून. तीन महिन्यांच्या आत निकाल मागू नका.

मोंढ्यातला
गॅस धरून ठेवतो तसं आवळा म्हणलं की आमच्याकडं लोकाला लगेच कळतंय. लिंग आखूड करा म्हणलं की निस्ते हसायलेत.

माकडहाड
हसू द्या, पण सांगा. गॅस धरल्यासारखं केलं की मागचा भाग जास्त आवळला जातो. सुरुवातीला तेवढ्यानं जागा कळते, ठीक. लघवी सांडते त्याला मात्र पुढचा भागच आवळता यायला हवा. खात्री करायची असेल तर आरशासमोर कपडे काढून उभं राहा. लिंगाचं मूळ किंचित आत जातं आणि अंडकोष वर सरकतात. माणूसच इंचभर उंच झाला तर तो कुल्ले आवळायलाय, तळ नाही.

भाकरी_ठेचा
आरसा एवढा मोठा कुणाच्या घरात असतो ओ

मोंढ्यातला
बायकोच्या कपाटाला असतो. कडी लावून घ्या म्हणजे झालं.

सिस्टर_सकाळपाळी
घाईत लिहिते, राऊंड आहे. कॅन्सरसाठी पूर्ण प्रोस्टेट काढतात ते ऑपरेशन वेगळं आणि दुर्बिणीतून खरवडतात ते वेगळं, नातेवाईक दोन्हीला ‘प्रोस्टेटचं’ म्हणतात. पूर्ण काढल्यावर खोकताना, उठताना लघवी सांडणं जास्त असतं, कमी व्हायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर घाई आणि थोडं सांडणं बहुतेकांना काही आठवडेच.

व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्यावा, निदान दोन-तीन आठवडे. नंतर दुखत असताना जागा सापडत नाही. लघवीची नळी असताना आवळू नका, मूत्राशय चिडतं. नळी निघाल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा सुरू.

सकाळी कोरडा आणि संध्याकाळी ओला, हे घाबरण्यासारखं नाही. दिवसभरात स्नायू दमतो. म्हणून तीन पाळ्यांतली मोठी सकाळी ठेवा, संध्याकाळची हलकी. आणि पाणी तोडू नका!! लघवी घट्ट झाली की मूत्राशय आणखी चिडतं, आपल्याकडच्या मे महिन्यात तर मुतखड्याला आमंत्रणच.

बालाघाट
सिस्टरनी ‘खोकताना’ लिहिलंय त्यात भर. आवळायचं खोकल्याच्या *आधी*. उबळ येतेय कळलं की आवळा, खोका, मग सोडा. शिंक, खुर्चीवरून उठणं, गाडीला किक मारणं, सगळ्याला हेच. नंतर आवळून उपयोग नाही, थेंब निघून गेलेला असतो.

ओझ्याचंही तसंच. ५० किलोचं पोतं उचलताना हमाल श्वास कोंडतो, पोटातला सगळा दाब खाली तळावर येतो. आधी आवळा, तोंडानं फुंकर सोडत उचला, खाली ठेवल्यावर पूर्ण सैल करा. फवारणीचा १६ लिटरचा पंप भरून पाठीवर घेतानाही हेच, आणि तो जमिनीवरून उचलण्यापेक्षा कट्ट्यावर ठेवून पट्ट्यात हात घाला. उसाची मोळी डोक्यावर घेणाऱ्याला एवढी फुरसत नसते हे माहितीय, तरी फुंकर सोडणं तरी जमतं.

भाकरी_ठेचा
सोयाबीन काय भाव चाललंय मोंढ्यात

मोंढ्यातला
इथं लघवीचं चाललंय काका. भाव तिकडच्या धाग्यावर.

निवांत_गोदा
सगळे सांडण्यावर लिहायलेत. त्याहून कितीतरी जणांची अडचण वेगळी असते. लघवी झाली, नाडी बांधली, चार पावलं गेलं की पायजम्याला दोन थेंब. हे झटकून जात नाही, कारण थेंब पुढं नसतातच. अंडकोषाच्या मागं मूत्रनळीला फुगीर वळण आहे, लघवी तिथं साचते. ती रिकामी करणारा स्नायू सैल पडला की नंतर ओघळते.

उपाय दोन मिनिटांत शिकता येतो. धार संपली की जोरात एक-दोनदा आवळा. तरी राहिलं तर अंडकोषाच्या मागं दोन-तीन बोटं ठेवून वर आणि पुढं हलकं दाबत आणा, अंडकोषाखालून लिंगाच्या मुळाकडं. दोन-तीनदा. लिंग पिळायचं नाही, तिथं काही नसतं. मुतारीत जमत नसेल तर संडासात जा, कडी आहे.

नाथसागर
हे कुणी शाळेत का शिकवत नाही

भाकरी_ठेचा
शाळेत मुतारीला पाणी नव्हतं आमच्या, हे काय शिकवणार

कडक_चहा
घाईची लघवी : घराच्या कुलपात चावी घातली की जोरात लागते, बऱ्याच जणांना. पळायचं नाही. पळालं की सांडतं. जागीच थांबा, बसता आलं तर बसा, ५-६ वेळा झटपट आवळा-सोडा. लाट ओसरते, मग सावकाश चाला. सोबत दोन लघव्यांमधलं अंतर दर आठवड्याला १५ मिनिटांनी वाढवत न्या, दोन-तीन तासांपर्यंत. चहा कमी करा हे लिहिताना हात थरथरायलाय पण लिहितो. संध्याकाळी सहानंतरचा तरी.

आणि लघवी करतानाच धार थांबवून रोज व्यायाम करतात काही जण. करू नका. जागा ओळखायला एखाद्या वेळी चालतं. सवय केली तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

दख्खनी_योग
आपल्याकडं अश्विनी मुद्रा आणि मूलबंध आहेतच की. अश्विनीत गुदद्वार तालात आवळतात-सोडतात, वर सांगितलेल्या झटपटसारखं. मूलबंध धरून ठेवायचा. हठयोगप्रदीपिकेत टाचेनं शिवण दाबून गुदाचं आकुंचन सांगितलंय. शिवण म्हणजे अंडकोष आणि गुद यांच्या मधली जागा.

माकडहाड
सर, मान्य. फक्त कुंभकासकट करू नका म्हणून सांगा. श्वास कोंडला की वरून दाब येतो, खालून आपण ओढतो, दोघांची झोंबाझोंबी. बीपी असलेल्याला तर नकोच. आवळलेलं असताना मोठ्यानं आकडे मोजा, बोलता आलं म्हणजे श्वास चालू आहे.

लातूरचा_फिजिओ
आता माझं खरं दुखणं लिहितो (व्यवसायातलं, माझं नव्हे). सगळे आवळा आवळा म्हणायलेत, सोडायचं कुणी शिकवायलंच नाही. काही गड्यांचा तळ ढिला नसतो, आधीच आखडलेला असतो. ओळख : धार सुरू व्हायला वेळ, धार बारीक, शिवणीत किंवा माकडहाडाशी ठणका, बसून राहिल्यावर वाढणारा, वीर्य गेल्यावर दुखणं. तासन्‌तास खुर्चीवर बसणारे तरुण, परीक्षेच्या टेन्शनमधली पोरं, जिममध्ये दिवसभर पोट आत ओढून फिरणारे, यांच्यात हे दिसतं. अशानं रोज शंभर वेळा आवळलं तर दुखणं वाढणारच.

तपासायचं असं. उताणं झोपून शिवणीवर बोट ठेवा. आवळलं की बोटाखालची जागा आत, वर जाते. सोडलं की खाली परत येते. आवळताना उलट बाहेर फुगली तर तुम्ही कुंथताय, थांबा. सोडल्यावर खाली येतच नसेल तर आवळायचे व्यायाम बंद, आधी सैल करायचे.

सैल करायचं म्हणजे पोटानं श्वास. एक हात छातीवर, एक पोटावर. नाकानं श्वास घेताना पोट फुगू द्या, त्याच वेळी तळ खाली उतरतो तो जाणवू द्या. पाच मिनिटं, दोनदा. मग बालासन किंवा खांबाला धरून उकिडवं बसणं, अर्धा ते एक मिनिट. टाचा टेकत नसतील तर खाली चादरीची घडी. गरम पाण्याच्या टबात बसल्यानंही आराम पडतो. ढिल्या तळाच्या माणसानंही प्रत्येक आवळण्यानंतर पूर्ण सोडायलाच हवं. अर्धवट सोडून पुढचं आवळलं की दहावं येईस्तोवर स्नायू दमून गेलेला असतो आणि जांघा आवळायला लागतात.

सिस्टर_सकाळपाळी
१०० टक्के. पेशंट मोजत बसतात, सोडत कुणी नाही.

नवा_आयडी
नाव बदलून विचारतोय. यानं *त्या* बाबतीत फरक पडतो का

भाकरी_ठेचा
आला मुद्द्यावर. धागा आता पळणार बघा.

लातूरचा_फिजिओ
पडू शकतो, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. लिंगाच्या मुळाशी असलेला स्नायू आवळला की आलेलं रक्त आत टिकतं. ब्रिटनमध्ये फिजिओ ग्रेस डोरी यांचा ताठरतेची अडचण असलेल्या ५५ पुरुषांवरचा अभ्यास २००५ साली आला. सहा महिन्यांच्या व्यायामानंतर ४० टक्के पुरुष पूर्ववत झाले, आणखी साधारण तिसऱ्या हिश्शाला सुधारणा होती. उरलेल्यांना फायदा नाही, तेही लक्षात ठेवा. लवकर वीर्य जाणाऱ्या काहींनाही उपयोग होतो.

पण व्यायामाआधी साखर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. लिंगाच्या रक्तवाहिन्या बारीक, हृदयाच्या त्यामानानं मोठ्या, म्हणून बिघाड कधी कधी आधी इथं दिसतो. तंबाखू सोडा. आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर मित्रानं दिलेली ताठरतेची ‘ती’ गोळी अजिबात नको, बीपी धोकादायक खाली जातं. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या इलाजांविषयी बोलत नाही, जागा कमी आहे.

नवा_आयडी
धन्यवाद सर 🙏

नाथसागर
वाढलेलं प्रोस्टेट यानं लहान होतं का? आणि दुसरं, दुर्बिणीचं ऑपरेशन झालेल्या माणसानं नाथांच्या पालखीत पैठणहून पंढरपूरला चालत जावं का?

निवांत_गोदा
नाही होत लहान. घाई थोडी आवरते, गाठ तेवढीच राहते. वय पन्नाशीपुढं, धार बारीक, जोर करावा लागतो आणि वर रात्री अंथरूण ओलं, अशा माणसाला व्यायाम देऊन बसवू नका. मूत्राशय भरून ओसंडत असू शकतं. सोनोग्राफी करताना लघवी केल्यानंतर आत किती उरली तेही मोजून घ्यायला सांगा.

लघवीत रक्त, लघवी पूर्ण अडकणं, लघवीच्या त्रासासोबत थंडी-ताप, यात थांबू नका. कंबर दुखून शिवणीची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.

सिस्टर_सकाळपाळी
नाथसागर दादा, पालखीबद्दल ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. साधारण चार ते सहा आठवडे ओझं, कुंथणं, मोटारसायकल नको असते. परवानगी मिळाली तर दर दोन-अडीच तासांनी लागो न लागो जाऊन यायचं, पाणी थोडं थोडं पीत राहायचं, पॅड ओलं झालं की बदलायचं, नाहीतर चालून चालून जांघा सोलतात. पडशी दिंडीच्या ट्रकमध्ये टाका.

भाकरी_ठेचा
मशीन लावून करून देतात म्हणे, झोपून राहायचं नुसतं

लातूरचा_फिजिओ
दोन वेगळी मशीनं आहेत काका. एक आवळणं पडद्यावर दाखवतं, जागाच सापडत नाही त्याला कामाचं. दुसरं विजेच्या झटक्यानं आवळायला लावतं, पेसमेकर असलेल्याला चालत नाही. कुठलंच मशीन तुमच्या वतीनं खोकण्याआधी आवळत नाही.

बालाघाट
संडासात कुंथणं राहिलंच लिहायचं. रोज कुंथलं की तळ ताणून ढिला होतो, व्यायाम एकीकडं आणि नुकसान दुसरीकडं. उकिडवं बसलं की गुदाशयाला वेढा घालणारा स्नायू सैल होतो, वाट सरळ होते.

नाथसागर
आमच्याकडं आता कमोड बसवलाय. गुडघे.

बालाघाट
मग पायाखाली २० ते २५ सेंमी उंच पाट ठेवा, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. पुढं वाका, कोपरं मांड्यांवर. तोंड उघडं ठेवून श्वास सोडा. इसबगोल रात्री एक-दोन चमचे, पण पेलाभर पाण्यासोबत, नुसतं गिळलं तर अडकतं.

मोंढ्यातला
पाट घरात असतोच, जेवायचा तेवढा घेऊ नका

भाकरी_ठेचा
😂😂 भाव कळला का कुणाला सोयाबीनचा