कामगाराच्या मनाचं विचारायचं कसं? (उद्यमबाग, बेळगाव)

शेडवाला_उद्यमबाग
जॉबवर्कची शेड आहे, दुसऱ्यांचे मशीनचे पार्ट करून देतो, बारा माणसं. ऑर्डरी पडल्यात, ओटी (जादा तासांचं काम) बंद केलाय. आमचा एक जुना ऑपरेटर खानापूरकडच्या गावातून येतो. पार्टाचा बोअर (भोक) मापात आणावा तर ह्यानंच. आता तोच माणूस एकेका जॉबला पुन्हा पुन्हा गेज लावून माप बघत बसतो, तरी पीस रिजेक्ट. डबा उघडतो, आमटीत भाकरी कुस्करतो आणि तसंच झाकण लावतो. विचारलं तर "काय नाही की मालक." आज पोरांजवळ बोलला, "मी नसलो तर घरच्यांची कटकट तरी मिटेल." मी काय डॉक्टर नव्हे. खोदून विचारावं तर त्याला वाटणार, मालक काढायच्या बेतात आहे.

मच्छे_सुपरवायझर
केबिनमध्ये बोलवू नका. केबिनचं बोलावणं म्हणजे हिशेब, असंच पोरं धरतात. चहाच्या गाड्याकडं दोघंच जावा. आधी कामाचं खरं काय ते सांगा: काढणार नाही, पण ओटी एवढ्यात सुरू होत नाही. उगं "सगळं ठीक होईल" म्हणू नका, शेडमधली शांतता त्यालाही ऐकू येते. मग झोपेचं विचारा, हप्त्याचं विचारा. आमच्याकडं निम्म्या घरांत बचत गटाचा नाहीतर फायनान्सचा हप्ता असतो. वसुलीवाले दारात बसत असतील तर 2025 मध्ये कर्नाटकात त्याविरुद्ध कायदा झालाय, तेही त्याच्या कानावर घाला.

वडगावची_सिस्टर
वरचं सगळं बरोबर, पण "मी नसलो तर" हे साधं बोलणं नव्हे. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं. हो म्हणाला तर उपदेश नको आणि एकट्याला घरी सोडू नका. शेतकरी घर असणार, तेव्हा फवारणीचं औषध घरात कुठं आहे ते भावाला विचारून हलवायला लावा. 14416 टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी सरकारी फोन, फुकट, रात्री-अपरात्रीही लागतो. मराठीत बोलतात, कन्नडचं टेन्शन नको. सिव्हिलला मानसोपचाराचा विभाग आहे, तुम्ही स्वतः सोबत जा.

शेडवाला_उद्यमबाग
आणि रजेचे पैसे? खाडा पडला की तो अजूनच खचेल.

मच्छे_सुपरवायझर
ईएसआय (कामगार विमा) कापता ना? पगार 21,000 च्या आत असेल आणि विम्याचे पैसे नीट भरले असतील तर डॉक्टरच्या दाखल्यावर आजारपणाचे साधारण 70 टक्के मिळतात, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. मनाचा आजारही त्यात येतो. आणि शेडमध्ये कारण फोडू नका. "गोळ्या चालू आहेत" एवढं कळलं तरी लोक त्याला मशीनवर उभं करायला कचरतात.

वडगावची_सिस्टर
कागदं नंतर बघा हो. आज कोण आहे त्याच्यासोबत?

शेडवाला_उद्यमबाग
सेकंड शिफ्टला आहे. भावाला फोन केलाय, तो बस धरून येतोय. मी आताच शेडवर निघालो.