कादंबांची विष्ठा, गव्हाचं रान आणि ताणाचं संप्रेरक

माही_काठ (बडोदा):
नमस्कार मंडळी. वढवाणा तलावावरच्या पट्टकादंबांच्या (बार-हेडेड गूज) विष्ठेत कॉर्टिकोस्टेरॉन या ताणाच्या संप्रेरकाचे अवशेष मोजतो आहे. काही थवे कोवळ्या गव्हात चरतात, काही काठच्या जून गवतावर. गवतवाल्यांचा दर ग्रॅमचा आकडा कमी आला. त्यांच्यावर ताण कमी, असं म्हणता येईल का?

पाणवठा:
एवढ्यावरून नाही म्हणता येणार. जून गवतात चोथा जास्त. पोट भरायला पक्षी जास्त चरतो, विष्ठा जास्त टाकतो आणि तेवढेच अवशेष जास्त मालात पातळ होतात. रक्तात काहीच फरक नसला तरी दर ग्रॅमचा आकडा घसरतो. तुमच्या निकालात मला तरी आधी हेच दिसतं. म्हणून दुर्बिणीतून मोजा: एक पक्षी तासात किती वेळा विष्ठा टाकतो. मग एका विष्ठेचं वाळलेलं सरासरी वजन काढा. वाळल्या ग्रॅममागचा आकडा, हे वजन आणि तासातल्या वेळा यांचा गुणाकार करा. तुलना त्याची व्हावी, नुसत्या ग्रॅमची नाही.

सारंगाची_वाट:
नमुन्यांबद्दल. थवा उठवू नका, स्वतःहून पुढे सरकू द्या. जमिनीवर पडलेल्या विष्ठेत तुमची भीती नसते, पण उठवलेला थवा पुढच्या दोन-तीन तासांत जे टाकतो त्यात ती उतरते. पांढरा भाग खरवडून फेकू नका, मूत्रावाटे येणारे अवशेष त्यातच असतात. अख्खी विष्ठा घोटून एकजीव करा. लगेच बर्फाच्या डब्यात आणि त्याच दिवशी उणे 20 अंशांत. उबेत जिवाणू अवशेषांची मोडतोड करतात, मग आकडा वरही जातो, खालीही.

अवशेष द्रावणात उतरवायला 0.5 ग्रॅमला 60 टक्क्यांचं मिथेनॉल 5 मिली, अर्धा तास हलवा, मग सेंट्रिफ्यूजमध्ये वेगानं फिरवून गाळ वेगळा करा. रक्तातलं संप्रेरक मोजायचा किट डोळे झाकून वापरू नका: विष्ठेत मूळ संप्रेरक जवळजवळ उरतच नाही, किटमध्ये अवशेष ओळखणारी अँटीबॉडी (ठरावीक रेणूलाच चिकटणारं प्रथिन) हवी.

माही_काठ:
मनापासून आभार. रक्तच घेतलं तर हा घोळ टळेल ना?

पाणवठा:
पातळ होण्याचा टळेल, पण दुसरा उभा राहील. पक्षी हाती लागल्यापासून तीन मिनिटांच्या आत पंखाच्या शिरेतून रक्त निघालं पाहिजे. उशीर झाला की तुम्ही पकडल्याचाच ताण मोजता. शिवाय 1972च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय पकडताच येत नाही. विष्ठेवरच राहा.

सारंगाची_वाट:
एक भर. आहाराचा परिणाम खरा आहे: कमी चरबीच्या माशांवर वाढवलेल्या किटिवेक या समुद्रपक्ष्याच्या पिल्लांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन चढलेलं आढळलं. पण स्थलांतराच्या तोंडावर थोडी वाढ ही तयारीचाही भाग असते, भूक वाढवून चरबी साठवायला ती लागते. त्यामुळे डिसेंबरचा गहू आणि फेब्रुवारी-अखेरचं गवत यांची तुलना कधीच करू नका. दोन्ही नमुने त्याच आठवड्यातले, त्याच वेळचे घ्या, शक्यतो सकाळी चरणं सुरू झाल्यावर दोन तासांनी.