मदत हवी आहे: दोन डॉक्टरांना एकमेकांशी बोलतं कसं करायचं?

आईचं वय ७२. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं, रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू आहे. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) दर महिन्याला तपासतो, २ ते ३ च्या मध्ये असतो. आता गुडघेदुखीसाठी हाडांच्या डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी लिहून दिली. औषधाच्या दुकानदारानेच अडवलं: दोन्ही एकत्र घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. गोळी अजून सुरू केलेली नाही.

हाडांचे डॉक्टर म्हणतात, "हृदयवाल्यांना विचारा." हृदयवाले म्हणतात, "ज्यांनी लिहिली त्यांना विचारा." मी मधला पोस्टमन!

दोघांनाही सगळ्या औषधांची यादी दाखवली, रिपोर्ट पाठवले, एकमेकांचे नंबरही दिले. फोन कुणीच केला नाही. दवाखाने वेगळे, त्यामुळे फाइल एक नाही. आमचे फॅमिली डॉक्टर निवृत्त झालेत. दोघेही आपापल्या कामात चांगले आहेत, त्यामुळे डॉक्टर बदलायचे नाहीत.

पर्यायी गोळी कोणती, हे इथे विचारत नाही. ते डॉक्टरच ठरवतील. मला हाडांच्या डॉक्टरांकडून हृदयवाल्यांच्या नावे चिठ्ठी हवी आहे. तिच्यात नेमकं काय काय लिहून घ्यावं? आणि त्यांना न दुखावता ती मागायची कशी?