कौलारू घराला वाळवी आणि विहीर भिंतीपासून दहा-बारा फुटांवर – मदत हवी आहे

पडवीवाला:

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात आमचं जुनं घर आहे. चिऱ्याचं, मातीत बांधलेलं, वर मंगलोरी कौलं. ओटी, माजघर, दोन खोल्या, मागे पडवी आणि न्हाणीघर. आम्ही असतो डोंबिवलीला. शिमगा, मे महिना आणि गणपती सोडले तर घर बंदच. शेजारच्या घरात काका-काकू राहतात, किल्ली त्यांच्याकडे असते. पण काकांना आता शिडी चढवत नाही, आणि ते चढायला निघाले तर काकू शिडीच लपवून ठेवतात.

या शिमग्याला दार उघडलं तर माजघराच्या मागच्या भिंतीवर, देवघराच्या चौकटीला धरून करंगळीएवढी जाड मातीची रेघ. जोत्यापासून निघालेली ती थेट भिंतीच्या माथ्यापर्यंत. खरवडली तर आत पांढरे किडे वळवळत होते. काकू म्हणाल्या, फडक्याने पुसून काढली की एक-दोन दिवसांत परत तयार. वर चढून वाशांवर कोयतीच्या मुठीने ठोकत गेलो. पुढच्या पाख्यातले (छपराच्या उतरत्या बाजूचे) वासे खणखणीत आहेत. मागच्या पाख्यातले तीन-चार भद्द वाजतात, आणि एकात तर कोयतीचं टोक जोर न लावता आत गेलं. वरून लाकूड अगदी धडधाकट दिसतं, रंगसुद्धा शाबूत आहे.

एका पेस्ट कंट्रोलवाल्याला आणून दाखवलं. त्याचं म्हणणं, चारही भिंतींना आतून-बाहेरून फूट-फूट अंतरावर ड्रिल मारून क्लोरपायरीफॉस सोडू, मग बरीच वर्षं बघायला नको. मी विहिरीकडे बोट दाखवलं. मागच्या पडवीपासून ती दहा-बारा फुटांवर, आणि पिण्याचं पाणी आमचं नि काका-काकूंचं तिचंच. तर म्हणे, "काही होत नाही हो, औषध मातीला धरून बसतं." मला काही ते पटलेलं नाही.

भावाचं वेगळंच. २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या अर्ध्या वाडीने कौलं उतरवून पत्रे घातले, आपणही घालून मोकळं होऊ म्हणतो. मे महिन्याच्या दुपारी त्या पत्र्याखाली त्यानेच झोपून दाखवावं.

तर विहिरीला धक्का न लावता वाळवी कशी घालवायची? वासे बदलायचे तर कुठल्या लाकडाचे? आणि मृगाआधी यातलं काय उरकायलाच हवं? सुतार मिळतो, पण तोही सगळे आंबे उतरवायच्या गडबडीत असताना.

गडग्यापलीकडे:

आधी एक खात्री करा. वाशाखाली जमिनीवर पिवळसर पीठ पडतं का, आणि लाकडाला टाचणीएवढी गोल भोकं आहेत का? तसं असेल तर तो लाकडातला किडा, त्याचा जमिनीशी संबंध नाही आणि जोत्यात औषध सोडून उपयोगही नाही. कित्येक घरांत दोन्ही असतात, आणि पेस्ट कंट्रोलवाले दोन्हीला वाळवीच म्हणतात.

दुसरं, मागच्या भिंतीला बाहेरून काय टेकलेलं आहे? आणि वरून पाणी कुठे येतं? वाळवीला ओल लागते. कोरड्या वाशापर्यंत उन्हातल्या भिंतीवरून चढायचे कष्ट ती उगाच घेत नाही.

पडवीवाला:

पीठ नाही, नुसती माती. भोकंही दिसली नाहीत.

मागच्या भिंतीचं विचारलंत ते बरं केलंत, काल काकांशी फोनवर त्यावरच बोललो. मागे उतार आहे. पावसात वरची माती वाहून येते आणि तिथेच साचते. जोत्याचे दोन थर होते, आता एकच दिसतो. त्या मातीवर काकूंच्या चुलीची लाकडं रचलेली, भिंतीला टेकून. वरती फणसाची फांदी छपरावर आलेली आहे. वानरं फणसावरून थेट कौलांवर उड्या मारतात. कौलं सरकतात, फुटतात, आणि जिथले वासे भद्द वाजतात तिथेच गणपतीत टोप ठेवावा लागतो.

कुंपणाजवळ एक वारूळही आहे. पण त्याला हात लावायचा विषय काढायचा नाही. काकू नागपंचमीला तिथे दूध-लाह्या ठेवतात.

चिवा_काठी:

मग रोग वरून आलाय आणि खालून वाढलाय. आमच्या संगमेश्वराकडच्या घराची हीच कथा, म्हणून सविस्तर लिहितो.

विहिरीच्या बाजूला ड्रिल मारून औषध सोडू देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. औषध मातीला धरून बसतं हे चिकणमातीच्या सपाट जमिनीत बऱ्याच अंशी खरं. आपल्याकडे खाली जांभा. त्यात भेगा, पोकळ्या, जुन्या मुळांची बिळं. दाबाने सोडलेलं औषध कुठल्या वाटेने जाईल हे तुम्हालाही दिसत नाही आणि त्यालाही. वर आपला पाऊस तीन-साडेतीन हजार मिलीमीटर. क्लोरपायरीफॉस माशांना तर फारच घातक. विहिरीत मासे असतील तर ते आधी मरतील, पण तोवर पाणी तुम्हीही प्यालेले असाल.

आता काय करायचं ते. पहिली ती लाकडं हलवा, मांगरात किंवा चार चिऱ्यांवर फळ्या टाकून, भिंतीपासून हातभर तरी लांब. मग मागची साचलेली माती उपसून जोतं पूर्ण उघडं करा आणि उताराच्या बाजूने चर खणून पाणी घराला वळसा घालून न्या. हे काम दोन गडी लावून होतं आणि यानेच निम्मा फरक पडतो. वाळवी नंतरही आली तर उघड्या जोत्यावर तिची रेघ दिसेल. आता मातीआडून येते म्हणून ती माजघरात पोचेपर्यंत कळत नाही.

वासे: जे भद्द वाजतात ते बदला, ठिगळ लावत बसू नका. आमच्याकडे किंजळ वापरला, ऐनही चालतो. जुना पक्का फणस मिळाला तर उत्तमच, पण आतला पिवळा गाभा हवा; बाहेरचं पांढरं लाकूड वाळवी आवडीने खाते. झाड स्वतःच्या आवारातलं असलं तरी थेट कुऱ्हाड घालू नका. १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीत किंजळ, ऐन, फणस तिन्ही आहेत, परवानगी काढावी लागते. मृगाआधी तो कागद हातात येईल या भरवशावर राहू नका, वखारीतून आणा. छपरावरची फांदी मात्र आत्ताच छाटून घ्या.

नवे वासे भिंतीच्या माथ्यावर मातीत रुतवू नका. माथ्यावर सिमेंटचा थर, त्यावर दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर येणारी जाड पत्र्याची पट्टी, आणि मग लाकूड. वाळवी पत्रा खात नाही, तिला त्याला वळसा घालून उघड्यावरून यावं लागतं आणि ती वाट आपल्याला दिसते.

लाकडाला बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स. १ किलो बोरिक ॲसिडला दीड किलो बोरॅक्स, ५० लिटर पाण्यात. थोडं पाणी गरम करून त्यात विरघळवा, मग उरलेलं ओता. नव्या वाशांना रंग-तेल लावायच्या आधी ब्रशने भरपूर पाजा, वाळू द्या, परत पाजा. जुन्या वाशांचा रंग खरवडल्याशिवाय ते आत शिरणार नाही. आणि हे पाण्याने धुऊन जातं, म्हणून फक्त आतल्या कोरड्या लाकडाला. वळचणीला बाहेर आलेल्या टोकांना काजूच्या टरफलांचं तेल लावा. हातमोजे घालून! कातडी सोलवटून निघते.

कोरडी_विहीर:

वरचं बहुतेक पटलं. मी याच धंद्यात होतो, म्हणून थोडं उलटं बोलतो. सगळीच औषधं वाईट असं करून ठेवू नका. तुमच्या घराची पुढची बाजू विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला असेल, तर तिथे जाणत्या माणसाकडून करून घ्यायला हरकत नाही. पण तुमची वाळवी मागून येतेय, मग पुढे पैसे घालून मिळवणार काय?

आणखी एक. तो पेस्ट कंट्रोलवाला परत येईल आणि म्हणेल, "बरं, मग बिनवासाचं इमिडाक्लोप्रिड मारू." वास नाही म्हणून ते विहिरीला सुरक्षित होत नाही. पाण्यात ते क्लोरपायरीफॉसपेक्षा जास्त विरघळतं.

आमिषाच्या डब्यांची पद्धतही आहे. वाळवी ते आमिष खाऊन घरट्यात नेते आणि वसाहतच मरते. वारुळाला हात न लावता होईल, तेव्हा काकूंचीही हरकत नसावी. पण महाग, आणि दर काही आठवड्यांनी कुणीतरी डबे उघडून बघायला हवेत. बंद घराला ते जमणार कसं?

रीप_आणि_कौल:

भावासाठी मधला मार्ग: खाली पत्रा, वर कौलं. आमच्या गुहागरच्या घराला केलंय. वानरांनी कौल फोडलं तरी पाणी घरात येत नाही, आणि दुपारी तापतही नाही. तोटा असा की गळती कळतच नाही. पत्रा आणि कौलाच्या मध्ये पाचोळा साचतो, रिपा (कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्या) कुजतात आणि वाळवीला आयता ओला कोपरा मिळतो. रिपा लोखंडी घ्या, आणि वर्षाआड कौलं परतायचीच. जुनी कौलं टाकू नका. आमच्या काहींवर बासेल मिशनचा शिक्का आहे, मंगळूरला १८६५ साली ज्यांनी कारखाना काढला त्यांचाच. नव्यांपेक्षा जास्त खणखणीत वाजतात.

पडवीवाला:

सगळ्यांचे आभार. भावाला हा धागा पाठवला, तो "खाली पत्रा" वर अडून बसलाय. माझं मत, यंदा मागच्या पाख्याचे वासे आणि फुटकी कौलं बदलू, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जोत्यावर रेघ येते का ते पाहू, मग पत्र्याचं बोलू. पेस्ट कंट्रोलवाल्याला नको म्हणून कळवलं. काकांनी माती उपसायला गडी सांगितले आहेत. काकूंना लाकडांची नवी जागा पसंत नाही, चुलीपासून लांब पडते म्हणतात. ते त्यांचं ते बघतील.

एक शेवटचं. चर खणताना सुटी झालेली माती पहिल्या पावसात विहिरीत जाणार. पाणी किती दिवस वापरायचं नाही? ब्लीचिंग पावडर किती टाकायची? गावात मूठ-मूठ टाकतात.

गडग्यापलीकडे:

दिवस मोजू नका, पाणी निवळेपर्यंत थांबा. गढूळ पाण्यात पावडर टाकून वाया जाते. उपसलेली माती विहिरीच्या वरच्या अंगाला तर मुळीच टाकू देऊ नका, गड्यांना आधीच जागा दाखवून ठेवा.

पावडरीचा हिशोब १००० लिटरला अडीच ग्रॅम, चांगल्या ताज्या पावडरीचा. पाणी किती ते असं काढा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला ३.१४ ने गुणून ४ ने भागा. आलेल्या आकड्याला हजाराने गुणलं की लिटर. ३ मीटर व्यास आणि २ मीटर पाणी असेल तर साधारण १४,००० लिटर, म्हणजे ३५ ग्रॅम. बादलीत कालवून पावडरीतला चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडा, पोहऱ्याने ढवळा आणि तासभर पाणी काढू नका. पावसात पाणी वर आलं की हिशोब नव्याने करा. आणि पावडर उघड्या पिशवीत ठेवलेली असेल तर तिचा जोर गेलेला असतो, डबा झाकणाचा हवा.

चिवा_काठी:

काकूंसाठी: लाकडं चुलीजवळच ठेवायची असतील तर न्हाणीघराच्या भिंतीला नको, तिथेही ओल असते. पुढच्या खळ्याच्या कडेला छोटी माच घालून द्या, चिव्याच्या काठ्यांची सकाळभरात होते.