मदत हवी आहे: लिनक्स टाकूनच येणारा कॉम्प्युटर कोल्हापुरात कुणाकडे मिळतो?

उपनगरी_वाचक
मंडळी लवकर सांगा, कोटेशन याच आठवड्यात द्यायचंय. कंपनीकडूनच लिनक्स टाकून आलेला कॉम्प्युटर पाहिजे, उबुंटू असो नाहीतर डेबियन, लिनक्सचा कुठलाही प्रकार चालेल. राजारामपुरीत विचारलं, स्टेशन रोडला विचारलं, सगळे एकच म्हणायलेत, विंडोज ११ बरोबरच येतंय, नाहीतर डॉसचा, म्हणजे विंडोज नसलेला, घ्या, आम्ही विंडोज टाकून देतो. अहो विंडोज नकोच आहे तर टाकून काय देताय! आणि "डॉसचा घे, स्वतः टाक" हे उत्तर कृपा करून देऊ नका, बिलावर ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव आलं पाहिजे. अलीकडे कुणी असा घेतलाय का?

तांबडा_पांढरा
बजेट किती? लॅपटॉप का डेस्कटॉप? काम काय करायचंय त्यावर?

उद्यमनगर_फिटर
भावा डॉसचा घे आणि पेनड्राइव्हनं टाक, काय अवघड नाही त्यात. आमच्या वर्कशॉपच्या ऑफिसात सगळीकडे मिंट लिनक्स आहे, बिलं, मेल, ड्रॉइंगच्या पीडीएफ, सगळं चालतंय. पैसे पण वाचतात.

उपनगरी_वाचक
वर लिहिलंय की ते नको म्हणून. डेस्कटॉप. बजेट नेहमीचं.

तांबडा_पांढरा
नेहमीचं म्हणजे काय राव, कुणाला तीस हजार नेहमीचं कुणाला लाख. आणि एक का जास्त? एकासाठी दुकानदार हलत नाही, चार-पाच असले की लगेच फोन लावतो डिस्ट्रिब्युटरला.

पुण्यात_मुक्काम
मूळचा मंगळवार पेठेतला, आता हिंजवडी. माझ्याकडे डेलचा एक्सपीएस १३ आहे, डेव्हलपर एडिशन. डेलनं २०१२ मध्ये स्पुटनिक नावाचा प्रकल्प काढला, त्यातून ही उबुंटूवाली मालिका आली. ड्रायव्हरची कटकट नाही, झाकण मिटलं की झोपतो, उघडलं की जागा होतो. लिनक्सवर हे ज्यानं भोगलंय त्यालाच याची किंमत कळेल. परवडत असेल तर अमेरिकेतली सिस्टम७६ पण बघा, डेन्व्हरची कंपनी आहे, पॉप ओएस नावाचं लिनक्स त्यांचंच. जर्मनीत टक्सेडो आहे. खास लिनक्ससाठीच मशिन विकतात हे लोक.

तांबडा_पांढरा
त्यांना डेस्कटॉप पाहिजे, तोही कोल्हापुरात, या आठवड्यात कोटेशन. डेन्व्हरहून मागवला तर कस्टम भरा, वरून बिघडला की दुरुस्तीला परत पाठवा. कशाला ते.

टर्मिनलवाला
दुकानात का मिळत नाही ते आधी समजून घ्या म्हणजे विचारायचं कसं ते कळेल. काउंटरवर जो माल असतो तो घरगुती गिऱ्हाइकाचा, विंडोज होम आणि ऑफिस टाकून आलेला. लिनक्सवाला माल असतो तो बिझनेस मालिकेत, आणि तो सहसा शोरूमला लावून ठेवत नाहीत, ऑर्डरवर येतो. डेलच्या व्होस्ट्रो, ऑप्टिप्लेक्स, लॅटिट्यूड, प्रिसिजन या मालिकांत काही मॉडेल उबुंटू टाकून येत आलीत. लेनोव्होनं २०२० मध्ये थिंकस्टेशन आणि थिंकपॅड पी मालिका उबुंटू आणि रेड हॅट या लिनक्ससाठी प्रमाणित करायचं जाहीर केलं, त्याच वर्षी फेडोरा लिनक्स टाकलेला थिंकपॅडही काढला. एचपीत तुम्हाला जास्त करून फ्रीडॉस दिसेल.

म्हणून दुकानात "लिनक्सचा आहे का" असं विचारायचंच नाही. "या मॉडेलचा उबुंटूवाला पार्ट नंबर काढून द्या" असं म्हणायचं. एकाच मॉडेलचे ऑपरेटिंग सिस्टीमप्रमाणे (ओएसप्रमाणे) वेगवेगळे पार्ट नंबर असतात, तो नंबर कोटेशनवर आला की दुकानदारालाही माल बदलता येत नाही आणि बिलावर नाव आपोआप येतं. शाहूपुरीत, लक्ष्मीपुरीत जे ऑफिसांना आणि कॉलेजांना माल पुरवतात त्यांना गाठा, मोबाईलसोबत लॅपटॉप विकणाऱ्यांना नको.

आणि उबुंटूच्या साइटवर प्रमाणित हार्डवेअरची यादी आहे, मॉडेलचं नाव टाकून बघा. दुकानदार काय म्हणतो यापेक्षा ती यादी बघितलेली बरी.

निवृत्त_मास्तर
चांगली माहिती. २००७ साली आसूसचा ईई पीसी आला होता, एवढासा, त्यात झँड्रॉस नावाचं लिनक्सच टाकलेलं असायचं. त्याच वर्षी डेलनं अमेरिकेत उबुंटूचे कॉम्प्युटर विकायला सुरुवात केली. २०१२ ला तर डेलच्या भारतातल्या साडेआठशे दुकानांत उबुंटू ठेवणार अशी घोषणा झाली होती, मला तेव्हा वाटलं होतं आता आपल्या शाळांचं भलं होणार. केरळनं मात्र करून दाखवलं, तिथल्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकतायत. आपल्याकडे हे का होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. शाहू महाराजांच्या गावात तरी व्हायला पाहिजे होतं.

उद्यमनगर_फिटर
मास्तर बरोबर, पण टर्मिनलवाल्यांचं मला पटत नाही. कंपनी टाकून देते ते व्हर्जन जुनं असतं. उबुंटू २०.०४ चा साधा सपोर्ट २०२५ च्या मे महिन्यात संपला, तसला माल गळ्यात मारला तर पुन्हा पुसून टाकायलाच लागणार. मग आधीच डॉसचा का नको?

टर्मिनलवाला
जुनं असेल तर अपग्रेड करता येतं. मुद्दा तो नाही. कंपनीनं टाकून दिलं म्हणजे त्या मशिनचं वायफाय, आवाज, स्लीप त्यांनी तपासलेलं असतं. तुम्ही डॉसचा कुठलाही घेणार, त्यात रिअलटेकची ८८५२बीई वायफाय चिप निघाली तर तिचा ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.२ पासून आत आलाय, उबुंटू २२.०४ च्या मूळ ५.१५ कर्नलवर वायफाय दिसणारच नाही. ज्याला हे माहीत नाही तो म्हणणार लिनक्स बेकार.

उद्यमनगर_फिटर
डेस्कटॉपला वायफाय कशाला पाहिजे, केबल लाव की.

टर्मिनलवाला
बरं, एसएसडीचं घ्या. बऱ्याच मशिनींत बायोसला, म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगला, स्टोरेज आरएसटी किंवा रेड (RAID) प्रकारावर ठेवलेलं असतं, मग उबुंटूच्या इन्स्टॉलरला डिस्कच सापडत नाही. ते बदलून एएचसीआय करायला लागतं. तुम्हाला येतं, मला येतं. ज्यांनी वर स्पष्ट लिहिलंय की स्वतः टाकायचं नाही, त्यांनी का शिकायचं हे?

इचलकरंजीची_सीए
एक लक्षात ठेवा, टॅली लिनक्सवर सरळ बसत नाही. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनलाही वेगळे ड्रायव्हर शोधत बसावं लागतं. माझ्या एका क्लायंटनं हौसेनं सगळं बदललं आणि रिटर्नच्या तारखेला धावपळ झाली. हिशेबाचं एक तरी मशिन विंडोजचं ठेवाच.

उपनगरी_वाचक
टॅलीचा काही संबंध नाही. चार डेस्कटॉप घ्यायचेत. टर्मिनलवाला धन्यवाद, पार्ट नंबरचं कुणी सांगितलंच नव्हतं. पण डॉसचा घेऊन मी टाकला तर वॉरंटी जाते असं एका दुकानदारानं सांगितलंय, खरंय का?

टर्मिनलवाला
ओएस बदलली म्हणून हार्डवेअरची वॉरंटी सहसा जात नाही. फक्त फोनवरचा माणूस विंडोजमधलं काहीतरी चालवायला सांगतो आणि आपण अडकतो. त्यावर उपाय म्हणजे बायोसमधली तपासणी, डेलला चालू करताना एफ१२ दाबून डायग्नॉस्टिक्स निवडा, एचपीला एफ२. त्यात आलेला एरर कोड सांगितला की ओएसचा विषयच निघत नाही. तरी चार मशिन असतील तर ऑनसाइट वॉरंटी कोटेशनमध्येच लिहून घ्या. पण चार मशिन आहेत कशासाठी ते सांगा आता, सगळे अंदाजानं बोलायलेत.

उपनगरी_वाचक
सार्वजनिक वाचनालयासाठी. एका देणगीदारांनी पैसे दिलेत, अट एकच, चोरीचं सॉफ्टवेअर एकही नको आणि बिलावर सगळं स्पष्ट पाहिजे. ऑडिट होतं आमचं. कार्यकारिणीत मी एकटाच जरा कॉम्प्युटर जाणतो, बाकी सगळे साठीच्या पुढचे, उद्या मी नसलो तर त्यांनी कंपनीला फोन लावला की माणूस आला पाहिजे, म्हणून तयार पाहिजे. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसवायचंय. एक काउंटरला, एक ग्रंथपालांना, दोन वाचकांना पुस्तक शोधायला.

तांबडा_पांढरा
हे पहिल्याच पोस्टमध्ये पाहिजे होतं! कोहासाठी लिनक्स लागतं, आत्ता कळलं.

पुण्यात_मुक्काम
मग रास्पबेरी पाय बघा की. पाय ४०० आणि ५०० म्हणजे कीबोर्डमध्येच कॉम्प्युटर, लिनक्स हेच त्याचं घरचं. वाचकांच्या दोन जागांना टीव्ही लावला तरी चालतंय.

सरकारी_बाबू_नव्हे
कोहा कशाला, सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय सॉफ्टवेअर आहे की. आणि खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून करा, तिथं ओएसच्या रकान्यात लिनक्स निवडता येतं.

ग्रंथपाल_ताई
जेम सरकारी खाती, स्थानिक संस्था यांच्यासाठी आहे, संस्था नोंदणीच्या वाचनालयाला तिथं खरेदीदार म्हणून जाता येईल असं धरून चालू नका. ई-ग्रंथालय वाईट नाही, पण यांनी कोहा ठरवलंय तर तेच करू द्या. मी आमच्या कॉलेजात कोहा चालवते.

दादा, चारही मशिनींना लिनक्स लागत नाही. कोहा एकाच मशिनवर बसतं, डेबियन किंवा उबुंटूवर, बाकीच्या तिघांना नुसता ब्राउझर पुरे, लॅनमधून उघडतं. तेव्हा एक चांगलं मशिन घ्या, १६ जीबी रॅम आणि एसएसडी, त्याला यूपीएस लावाच, कारण लाइट गेली आणि डेटाबेस मध्येच बंद पडला की रडायची पाळी येते. बाकी तीन साधी घ्या, तीही उबुंटूचीच घ्या म्हणजे देणगीदारांची अट पाळली जाते आणि व्हायरसचा त्रास नाही. बारकोड स्कॅनर कुठलाही यूएसबीवाला चालतो, कॉम्प्युटरला तो कीबोर्डच वाटतो. पावतीचा प्रिंटर मात्र आधी लिनक्सवर चालतो का बघून घ्या, एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांना लिनक्ससाठी एचपीलिप नावाचा ड्रायव्हर आहे, पण काही कंपन्यांचे स्वस्त लेझर प्रिंटर दमवतात.

आता मला खरी काळजी दुसरीच आहे. तुमची जुनी पुस्तकांची यादी कशात आहे? एक्सेलमध्ये असेल तर कुठल्या फाँटमध्ये?

उपनगरी_वाचक
एक्सेलमध्ये आहे. फाँट श्रीलिपी असणार, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

ग्रंथपाल_ताई
तेच म्हणत होते. कॉम्प्युटर आठवड्यात येतील पण हे काम काही महिने खाईल, आणि याबद्दल दुकानदार काही सांगणार नाही. ती यादी आधी युनिकोडमध्ये आणावी लागेल. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं, रफार आणि वेलांट्या हमखास बिघडतात, माणसानं नजर घालावीच लागते. लेखकांची नावं तर प्रत्येक नोंदीत वेगळी लिहिलेली असतात, कुठं आडनाव आधी, कुठं नुसती आद्याक्षरं, तीही याच वेळी एकसारखी करून घ्या, नंतर होत नाही. आणि कोहा बसवणाऱ्याला सांगा, झेब्राचं, म्हणजे कोहातल्या शोधयंत्राचं, इंडेक्सिंग आयसीयू या युनिकोडच्या पद्धतीवर ठेव, नाहीतर देवनागरीत शोधलेलं पुस्तक कपाटात असून सापडणार नाही. बॅकअप कोहा रोज स्वतः घेतं, पण त्याच मशिनवर, तो रोज पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या मशिनवर उतरवा.

उद्यमनगर_फिटर
ताई, हे लई भारी सांगितलं. उपनगरी_वाचक, बिलाची अट आहे हे आधी कळलं असतं तर डॉसचं बोललोच नसतो, आता उबुंटूवालाच घ्या. बसवायला माणूस कमी पडला तर रविवारी मी येतो, केबल ओढणं, लॅन करणं माझ्याकडे.

उपनगरी_वाचक
लक्ष्मीपुरीत ऑफिसांना माल देणारे एक जण सापडले. पार्ट नंबर म्हटल्यावर त्यांनी समोरच पुण्याला फोन लावला, उबुंटूवाला डेस्कटॉप ऑर्डरवर येतो म्हणाले, कोटेशन लेखी देतायत. अजून दोन कोटेशन त्याच नंबरवर मागवतो. फिटर दादा, रविवारचं नक्की धरतो. ताई, यादीतली पहिली शंभर पुस्तकं तुम्हाला पाठवली तर फाँट कुठला ते सांगाल का?

ग्रंथपाल_ताई
पाठवा. पुस्तकं नकोत, ती एक्सेल फाइलच पाठवा, आतला फाँट बदलू नका.

टर्मिनलवाला
आणि डिलिव्हरी घेताना खोक्यावरच्या लेबलचा पार्ट नंबर कोटेशनशी जुळवा, मग दुकानदाराच्या माणसासमोरच चालू करा. कंपनीकडून टाकून आलेला उबुंटू पहिल्यांदा चालू केल्यावर भाषा आणि युजरचं नाव विचारतो. थेट डेस्कटॉप उघडला तर कुणीतरी आधी उघडलेलं आहे, तसं असेल तर सही करू नका.