हत्ती आणि चार वर्तुळांचं नाणं: सातवाहनांचंच का?

प्रवराकाठ: नेवाशाजवळ मामांच्या देवघरात एक नाणं पूजेला असतं. आताच्या रुपयापेक्षा लहान, काळपट, कडा वेड्यावाकड्या. एकीकडे सोंड वर केलेला हत्ती, दुसरीकडे अधिकच्या चिन्हाच्या चारही टोकांना गोल. हत्तीच्या डोक्यावर अक्षरं आहेत, पण अर्धी कडेबाहेर गेलीत. मामी दर दिवाळीला चिंचेनं घासतात. कुणाचं असेल?

जुनाखुर्दा: आधी मामींच्या हातातली चिंच काढून घ्या! अक्षरं जातात ती अशीच. रोजचा अभिषेकही थांबवा. खार साचलेल्या तांब्याला ओल लागली की फिकट हिरवी पूड धरते आणि नाणं आतून खात सुटते.

आता ओळख. चार वर्तुळांच्या त्या खुणेला उज्जैन चिन्ह म्हणतात. ते माळव्यातल्या नाण्यांवरही असतं, त्यामुळे नुसत्या त्यावरून सातवाहन म्हणू नका. ब्राह्मीतला मजकूर बघा. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून तो पूर्ण उमटलेला क्वचितच मिळतो. 'सातकणि' एवढंच दिसलं तर घराणं कळेल, राजा नाही; सातकर्णी ढिगानं झाले. 'यञ' (यज्ञ सातकर्णी) किंवा 'पुळुमावि' (पुळुमावी) असं राजाचं नाव दिसलं तर काम झालं.

शिवाय ते निव्वळ तांबं असेलच असं नाही. कथील-शिसं मिसळलेला पोटीन धातू सातवाहनांनी भरपूर वापरला. वाशीमकडच्या तऱ्हाळ्याला 1939 साली दीड हजाराच्या आसपास पोटीन नाणी एकत्र मिळाली. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांतल्या सातवाहन राजांच्या यादीत नसलेली नावं त्यातून पुढे आली. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला सापडलेल्या चांदीच्या नाण्यांचं कौतुक सगळे करतात, पण माझं मत विचाराल तर तऱ्हाळ्याची ही काळी चिल्लर जास्त बोलकी आहे.

हौशी_७७: लाखभर येतील का?

जुनाखुर्दा: लाख? घासलेल्या सातवाहन हत्तीला बाजारात फार कुणी विचारत नाही. आणि परदेशी गिऱ्हाइकाचं तर नावच काढू नका, 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं असं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

प्रवराकाठ: विकायचं नाहीच, मामी जीव घेतील. बॅटरी आडवी धरून पाहिलं. सोंडेपुढे 'सिरि' (म्हणजे श्री) आणि मग 'सा' वाटतंय. नाणं मामांना नांगरताना मिळालं होतं म्हणे.

जुनाखुर्दा: एकच मिळालं की गाडगंभर, ते विचारा. साठा असेल तर 1878 च्या निखात निधी (पुरलेल्या धनाच्या) कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. आणि सोनाराच्या काट्यावर वजन करून इथे टाका. नाणं उन्हात तिरपं धरून दोन्ही बाजूंचा फोटोही हवा. 'सा'च्या पुढचं वाचायचा प्रयत्न करू.